एकाकी पाणबुड्या आणि राखीव श्वास

पाण्याखालीं जाणाऱ्या मनुष्यास मराठींत आपण पाणबुड्या म्हणतों. शब्द जुना आहे आणि त्यांत थोडी थट्टाही आहे. कारण जो खरोखरच बुडतो त्यास हें नांव मिळत नाहीं, जो बुडून पुन्हां वर येतो त्यासच तें मिळतें. बुडणें आणि वर येणें यांच्यामधील अवकाश पूर्वीं एका श्वासाएवढाच असे. द्वैपायन ह्रदांत दडून बसलेल्या दुर्योधनास जलस्तंभनाची विद्या अवगत होती. ती ज्यांस नाहीं त्या सामान्य जनांस छाती भरून तळाशीं जावें आणि जीव कासावीस होण्यापूर्वीं वर यावें, याहून दुसरा मार्ग नव्हता. गेल्या दोनशें वर्षांत मनुष्यानें हा अवकाश वाढवीत नेला. परंतु त्या वाढीबरोबरच एक प्रश्न उत्पन्न झाला व तो अद्यापि पुरता मिटलेला नाहीं. पाण्याखालीं हवा संपली, किंवा हवा देणारें यंत्र बिघडलें, तर दुसरा श्वास कोणाकडे मागावयाचा? शेजारच्या सोबत्याकडे, कीं स्वतःच बरोबर नेलेल्या दुसऱ्या नळकांड्याकडे? प्रश्न वरकरणी यंत्राचा दिसतो. पण त्याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे एका मनुष्यानें दुसऱ्यावर किती विसंबावें, हाच वाद त्याच्या मुळाशीं आहे असें ध्यानांत येतें.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटहेड येथें ‘रॉयल जॉर्ज’ नांवाचें शंभर तोफांचें लढाऊ जहाज १७८२ च्या ऑगस्टांत नांगरावर उभें असतांनाच कलंडून बुडालें. त्याचा सांगाडा अर्ध्याहून अधिक शतक तेथेंच पडून होता. तो सुरुंगांनीं फोडून बाहेर काढण्याचें काम कर्नल पासली या लष्करी इंजिनियरानें १८३९ मध्यें हातीं घेतलें व तें १८४३ पर्यंत चाललें. ऑगस्टस सीबे यानें तयार केलेला बंद पोषाख आणि धातूचें शिरस्त्राण यांची खरी कसोटी या कामावर लागली. हवा वरच्या नावेंतील हातपंपानें लांब नळीवाटें खालीं यावयाची. पाणबुडे जोडीनें उतरविण्याची चाल येथूनच पडली असें सामान्यतः मानतात, आणि सोबतीचा महिमा गाणारे ग्रंथकार पासलीचें नांव आदरानें घेतात. परंतु त्याच कामावरची दुसरी एक हकीगत ते सहसा सांगत नाहींत. जोन्स आणि गर्व्हिन अशा नांवांचे दोन सैनिक तळाशीं काम करीत असतां एकाच लांकडावर दोघांचाही हात पडला. तें कोणी वर पाठवावयाचें यावरून दोघांची झटापट जुंपली. गर्व्हिन अंगानें दांडगा. जोन्स घाबरून दोरावरून वर चढूं लागला, तों गर्व्हिननें त्याचे पाय धरले. सुटण्यासाठीं जोन्सनें लाथ झाडली, ती गर्व्हिनच्या शिरस्त्राणाच्या कांचेवर बसली, कांच फुटली आणि पाणी आंत घुसलें. वरच्या लोकांनीं त्यास अर्धमेल्या स्थितींत ओढून काढलें. कांहीं दिवस इस्पितळांत काढून तो पुन्हां कामावर रुजू झाला, व दोघांची दोस्ती होती तशीच राहिली. एवढ्यावरून सोबत्याची निंदा करणें अन्यायाचें होईल हें खरें. तथापि पाण्याखालीं सोबती हा निव्वळ आधारच असतो ही समजूत पहिल्याच जोड्यांनीं खोटी पाडली होती, एवढें नमूद करण्यास हरकत नाहीं.

या पोषाखांतील पाणबुड्या, जोडीनें असो वा एकटा, वस्तुतः एकाकी नव्हताच. त्याचा प्रत्येक श्वास वरच्या पंपावर राबणाऱ्या माणसांच्या हातांत असे. नळी ही त्याची नाळ. ही नाळ तोडून प्रथम कोण चालूं लागला हें शोधूं गेल्यास आपणांस सेव्हर्न नदीखालील बोगद्यांत उतरावें लागतें. ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठीं हा बोगदा खणला जात असतां १८७९ च्या ऑक्टोबरांत एक प्रचंड झरा फुटला आणि सर्व काम पाण्यानें भरून गेलें. जीव घेऊन पळालेल्या मजुरांनीं आंतील एक लोखंडी दार उघडेंच टाकलें होतें. तें बंद झाल्यावांचून पंपांना यश येणें दुरापास्त होतें. दार विहिरीच्या तळापासून हजार फुटांहून अधिक आंत, वाट अंधारी, आणि वाटेंत पळतांना टाकून दिलेलीं हत्यारें व उलथलेल्या ढकलगाड्या. अलेक्झांडर लॅम्बर्ट नांवाचा अनुभवी पाणबुड्या नेहमींच्या पोषाखांत आंत गेला. नळी पुढें सरकविण्यासाठीं दुसरे पाणबुडे वाटेंत उभे केले होते. पण हवेनें भरलेली नळी तरंगून छतास घांसूं लागली, आणि दार थोडक्यावर आलें असतां लॅम्बर्टास ती पुढें ओढवेना. सोबती होते, पंप होता, हवाही होती. आड आली ती नळी.

त्याच सुमारास हेन्री फ्ल्यूस नांवाच्या तरुणानें एक नवें उपकरण केलें होतें. पाठीवर दाबानें भरलेला प्राणवायु. उच्छ्वासांतील कर्बवायु शोषून घेण्यास दाहक क्षार. आणि तीच हवा पुन्हां पुन्हां हुंगावयाची. फ्ल्यूस स्वतः बोगद्यांत जाऊन पाहून परतला. तेव्हां लॅम्बर्टानें तें उपकरण पाठीवर चढविलें आणि १८८० च्या नोव्हेंबरांत तो एकटाच त्या काळोखांत शिरला. पहिल्या खेपेस दारामधून गेलेला लोखंडी रूळ उखडून त्यास परत यावें लागलें. दुसऱ्या खेपेस उरलेला रूळ काढून, दार लावून आणि सांगितलेली झडप सांगितलेले फेरे फिरवून तो सुमारें ऐंशी मिनिटांनीं बाहेर आला. पाठीवरचें उपकरण बंद पडतें तर त्यापाशीं दुसरें कांहींएक नव्हतें. शुद्ध प्राणवायु दाबाखाली विषासमान होतो हें फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यानें १८७८ मध्येंच दाखविलें होतें. पण पाणबुड्यांच्या धंद्यांत त्या ज्ञानाचा उपयोग व्हावयास पुढें पुष्कळ काळ जावा लागला. लॅम्बर्ट वांचला यांत धैर्याइतकाच दैवाचाही वांटा आहे.

या पराक्रमाची एक गंमतीची पुरवणी आहे. पाणी उपसल्यावर लोक आंत गेले तेव्हां असें आढळलें कीं, त्या झडपेचे आटे डावे होते. ती आधींपासूनच बंद होती, आणि लॅम्बर्टानें बंद करावयाची म्हणून ती मोठ्या निष्ठेनें उघडली होती! दार मात्र त्यानें लावलें होतें, म्हणून काम तडीस गेलें. पाण्याखालीं एकटा गेलेला मनुष्य काय करून आला हें त्याच्या शब्दावरच ठरतें, आणि त्याचा शब्द प्रामाणिक असूनही चुकीचा असूं शकतो.

यानंतरचीं साठ वर्षें मी झरकन् ओलांडतों. मागणी होईल तेव्हांच आणि तेवढीच हवा देणारी झडप रूकेरोल व देनेरूझ या दोघां फ्रेंचांनीं १८६५ मध्येंच केली होती. पण दाबानें पुरेशी हवा सांठविणारीं मजबूत नळकांडीं तेव्हां नव्हतीं. तीं झाल्यावर १९४३ मध्यें, जर्मनांनीं व्यापलेल्या फ्रान्समध्यें, नौदलाचा अधिकारी जाक कूस्तो व एमिल गान्यां नांवाचा इंजिनियर यांनीं तो जुना विचार पुन्हां हातीं घेतला. पेट्रोलच्या टंचाईमुळें मोटारी कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागत, व त्यासाठीं गान्यांनें एक नियामक झडप बनविली होती. तीच आतां मनुष्याच्या तोंडीं बसविण्यांत आली. मार्न नदींतील पहिली परीक्षा फसली. कूस्तो आडवा असला म्हणजे श्वास ठीक चाले. उभा राहिला कीं हवा भळभळ वाहून जाई, आणि डोकें खालीं केलें कीं मिळेनाशी होई. उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा झडपेच्या अगदीं शेजारीं आणल्यावर दोष गेला. त्या उन्हाळ्यांत दक्षिणेच्या समुद्रांत कूस्तो, त्याचे मित्र फ्रेडरिक द्यूमा व फिलीप ताय्ये हे माशांसारखे हिंडूं लागले. नळी गेली, शिरस्त्राण गेलें, पंपावरचीं माणसें गेलीं. पाणबुड्या मोकळा झाला, आणि त्याच क्षणीं खऱ्या अर्थानें एकटाही झाला.

या स्वातंत्र्याचें मोल तीनच वर्षांत कळून आलें. दक्षिण फ्रान्समधील व्होक्लूझ येथें डोंगराच्या पायथ्याशीं एक गूढ उगम आहे. वर्षांतून कांहीं काळ त्याचें पाणी एकाएकीं उसळून येतें. त्याचें रहस्य शोधण्यासाठीं कूस्तो व द्यूमा १९४६ च्या ऑगस्टांत त्यांत उतरले. दोघे दोराच्या एका टोंकास, दुसरें टोंक वर मोरीस फार्ग याच्या हातीं. सुमारें दीडशें फुटांवर दोघांचीही बुद्धि चळूं लागली. इतक्या खोलीवर हवेंतील नत्रवायूनें थोडी गुंगी येतेच, पण ही गुंगी निराळी होती. द्यूमाच्या तोंडांतील मुखनळी सुटण्याच्या बेतास आली. कूस्तो त्यास ओढूं पाही तर त्याचें स्वतःचेंच बळ सरलेलें. त्यानें दोर हिसकला. वर फार्गास वाटलें कीं यांना आणखी दोर हवा आहे, म्हणून त्यानें तो सैल सोडला. कूस्तो दोर धरून चढूं लागला तसतसा फार्ग अधिकच दोर सोडूं लागला! अखेर कांहींतरी बिनसलें आहे हें ओळखून फार्गानें सर्व बळानें दोर ओढला, आणि दोघे वांचले. पुढें तपास करतां कारण निघालें तें असें: नळकांडीं भरणारा पंप आपल्याच इंजिनाचा धूर ओढून घेत होता, आणि त्यांतील विषारी कर्बवायु दोघांच्याही पाठीवर भरला गेला होता.

पाणबुड्यांच्या साऱ्या इतिहासांत मला हा प्रसंग अत्यंत महत्त्वाचा वाटतो. दोन अनुभवी माणसें, एकमेकांपासून हातभर अंतरावर, एकमेकांसाठीं प्राण देण्यास सिद्ध. आणि तरीही ती जोडी निरुपयोगी ठरली, कारण दोघांची हवा एकाच पंपांतून आली होती. मूळ एक असलें म्हणजे शाखा कितीही असोत, कीड सर्वांस सारखीच लागते. त्यांस वांचविलें तें वेगळ्या हवेंत उभ्या असलेल्या तिसऱ्या मनुष्यानें. आणि दैवाची क्रूरता अशी कीं, वर्षभरानें, १९४७ च्या सप्टेंबरांत, साध्या हवेवर किती खोल जातां येतें हें पाहण्यासाठीं हाच फार्ग दोराजवळून खालीं गेला, १२० मीटरांवरील पाटीवर त्यानें आपली सही केली, आणि वर ओढला तेव्हां मुखनळी तोंडांतून सुटलेली व प्राण गेलेला असा आला. वर मित्र होते, दोरही होता. जेथें बुद्धीच प्रथम हरपते तेथें दोराच्या खुणा कोण करणार?

नव्या उपकरणाचे आरंभींचे उपासक हवा मोजीत नसत, कारण पाण्याखालीं वाचतां येईल असें दाबमापक त्यांच्यापाशीं नव्हतें. श्वास जड लागूं लागला कीं वर निघावें, हाच नियम. त्यावर एक उपाय निघाला. नळकांड्याच्या तोंडाशीं एक स्प्रिंगची झडप बसविली; दाब ठराविक मर्यादेखालीं गेला कीं ती हवा अडवी, आणि पाणबुड्यानें पाठीजवळची तार खालीं ओढली म्हणजे अडविलेली हवा मोकळी होई. अमेरिकेंतील एका व्यापारी यादींतील अक्षरावरून तिला जे-झडप हें नांव पडलें. गृहिणी डाळीच्या डब्याच्या तळाशीं चार नाणीं दडवून ठेवते, त्यांतलाच हा प्रकार; आणि त्याचा दोषही तोच. तार कपारींत अडकून किंवा उतरण्यापूर्वींच चुकून ओढली गेली असेल, तर राखीव हवा नकळत खर्च होऊन जाई, आणि ऐन वेळीं हात मागें नेला तर गांठीला कांहींच नाहीं. शिवाय ही राखीव हवा त्याच नळकांड्यांतील, त्याच झडपेंतून येणारी. व्होक्लूझचा धडा येथें विसरला गेला होता.

दाबमापक सर्वत्र झाल्यावर ही झडप मागें पडली, आणि दुसऱ्या श्वासाचा सारा भार सोबत्यावर आला. १९५० नंतर इंग्लंड-अमेरिकेंत जे हौशी संघ व शिक्षणक्रम निघाले त्यांनीं एकट्यानें पाण्यांत जाऊं नये हें जणूं पहिलें सूत्र ठरविलें. हवा संपल्यास दोघांनीं एकच मुखनळी आळीपाळीनें तोंडीं धरावी असें शिकवीत. शांत तलावांत हें साधे. पण ज्याला श्वास मिळेनासा झाला आहे त्यानें दोन श्वास घेऊन नळी शिष्टाचारानें परत करावी, ही अपेक्षा मनुष्यस्वभावास धरून नव्हती. म्हणून पुढें प्रत्येकाच्या यंत्रास दुसरी मुखनळी जोडण्याची पद्धत पडली. चहूंकडे लोंबणाऱ्या नळ्यांमुळें तिला ऑक्टोपस म्हणूं लागले. ही सुधारणा मोठी खरीच. परंतु तीही दोन गोष्टी गृहीत धरते: सोबती हांकेच्या अंतरावर असेल, आणि त्याच्यापाशीं दोघांना पुरेल इतकी हवा असेल. गढूळ पाण्यांत किंवा छायाचित्रें घेण्याच्या नादांत दोघे वीस हात दूर गेले कीं जोडी केवळ कागदावर उरते. मालवणजवळ तारकर्लीस हौशी प्रवाशाला शिक्षक हातानें धरूनच खालीं नेतो, तेथें हा प्रश्न उद्भवत नाहीं; तो उद्भवतो आपणांस तरबेज समजणाऱ्यांपुढें.

सोबतीच्या या सूत्रास उघड विरोध प्रथम केला तो इंग्लंडांतील गुहांत शिरणाऱ्या पाणबुड्यांनीं. वुकी होल येथें १९३५ मध्यें ग्रॅहॅम बाल्कम आणि त्याचे साथी जुन्या जड पोषाखांत गुहेंत उतरले, आणि १९४६ मध्यें त्यांचा संघ निघाला. तिकडच्या गुहा अरुंद, पाणी थंड व चिखलाळ. पुष्कळ ठिकाणीं एक मनुष्य कसाबसा सरपटत जातो. मागें सोबती असला तर तो मदत करूं शकत नाहीं, वाट मात्र अडवितो. तेव्हां त्यांनीं हिशेबच बदलला. बरोबर दोन नळकांडीं, दोन्ही अगदीं स्वतंत्र, प्रत्येकास आपली झडप, आपली मुखनळी, आपलें दाबमापक. हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यास, एक परतण्यास, आणि एकास हात लावावयाचा नाहीं. म्हणजे सर्वांत दूरच्या टोंकाशीं एक नळकांडें पार निकामी झालें तरी दुसऱ्यांत परतण्यापुरती हवा उरते. फ्लॉरिडांतील शेक एक्स्ली यानें तेथील गुहांमधील अपमृत्यूंचा बारकाईनें अभ्यास करून १९७९ मध्यें एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतही बाहेरपर्यंतचा अखंड दोर आणि परतीसाठीं दोन तृतीयांश हवा हे नियम अग्रभागीं आहेत. अपघातांची मीमांसा इतक्या कोरड्या शिस्तीनें करणारा ग्रंथ इतिहासाच्या अभ्यासकानेंही वाचावा असें माझें मत आहे.

मोकळ्या समुद्रांत एकटा उतरणारा हौशी मनुष्य दोन मोठीं नळकांडीं बाळगीत नाहीं. तो मुख्य नळकांड्याच्या कडेस एक लहान, स्वतंत्र नळकांडें बांधतो. इंग्रजींत त्यास पोनी म्हणतात, म्हणजे मोठ्या घोड्याबरोबर चालणारें तट्टू. हें तट्टू केवढें असावें यावर हौशी मंडळींत फार वाद होतात. वस्तुतः तो वादाचा विषय नसून त्रैराशिकाचा आहे. समजा, शांत मनुष्यास मिनिटास २० लिटर हवा लागते. घाबरल्यावर ती सहज दुप्पट, म्हणजे ४० लिटर होते. ३० मीटर खोलीवर दाब चौपट असतो, म्हणून तेथें मिनिटास १६० लिटर. काय झालें हें समजून दुसरी मुखनळी तोंडीं लावण्यांत एक मिनिट गेलें असें धरूं. मग मिनिटास १० मीटर या गतीनें वर येण्यास तीन मिनिटें. वाटेंतील सरासरी दाब अडीचपट, म्हणून ३०० लिटर. एकूण ४६०. रक्तांत विरलेला नत्रवायु हळूहळू बाहेर पडावा म्हणून ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबावें असा प्रघात आहे. त्यास आणखी १८० लिटर. बेरीज ६४० झाली. तीन लिटरांचें नळकांडें २०० पट दाबानें भरलें तर त्यांत ६०० लिटर हवा मावते. म्हणजे तें जवळजवळ पुरतें, थांबा थोडा आंखडता घ्यावा लागतो. याउलट खिशांत मावावें असें जें ‘स्पेअर एअर’ नांवाचें चिमुकलें नळकांडें मिळतें, त्याच्या मोठ्या आकारांतही सुमारें ८५ लिटरच हवा असते. त्या खोलीवर घाबरलेल्यास ती अर्धें मिनिट पुरेल. पाण्यांत कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडणाऱ्या वैमानिकास अशीं उपकरणें खरोखर तारक ठरतात, कारण त्याला थोड्याच फुटांवरून वर यावयाचें असतें. पण ३० मीटरांवर तें कमरेस बांधून निर्धास्त होणें म्हणजे गणित न करतां घेतलेलें कर्ज होय.

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. दुसरी हवा न मिळाली तर श्वास कोंडून वर धांव घ्यावी असें प्रत्येकाचें मन सांगतें. आपल्याकडे कुंभकाची थोरवी ऐकून वाढलेल्यांचें तर विशेषच. पण खोलीवर दाबाखालीं घेतलेली हवा वर येतांना फुगते. ती बाहेर सोडली नाहीं तर फुप्फुसें फाटतात. वरचे शेवटचे दहा मीटर या दृष्टीनें सर्वांत घातक, कारण तेवढ्यांतच तिचें आकारमान दुप्पट होतें.

शिक्षणसंस्थांनीं एकाकी बुडीस मान्यता दिली ती फार उशिरां, नाइलाजानेंच म्हटलें तरी चालेल. रॉबर्ट फॉन मायर याचें या विषयावरील पुस्तक १९९१ मध्यें निघालें तेव्हां पुष्कळांनीं भुंवया चढविल्या. शतक संपतां संपतां एका संस्थेनें तसा अभ्यासक्रम काढला, आणि २०११ मध्यें सर्वांत मोठ्या संस्थेनेंही काढला. नांवांत मात्र एकटेपणा न आणतां स्वावलंबन हा सौम्य शब्द घातला. मला या शब्दांतील चातुर्याची मौज वाटते, पण तो शब्द खोटा नाहीं. स्वतःचा दुसरा श्वास बाळगणारा मनुष्य सोबत्यालाही कमी ओझें होतो. स्वतंत्र नळकांडें असणाऱ्यानें जोडीनें जावें, हेंच माझ्या मतें सर्वांत शहाणपणाचें. मात्र ज्याच्यापाशीं तें नाहीं तो जोडीनें गेला तरी अर्धा उघडाच असतो. आणि या साऱ्या साधनांचाही शेवट कोठेंतरी आहेच. ज्यानें अपघातांचें शास्त्र लिहिलें तो एक्स्ली १९९४ च्या एप्रिलांत मेक्सिकोंतील साकातोन नांवाच्या अथांग डोहांत उतरला. त्याचा सहकारी जिम बाउडेन त्याच वेळीं निराळ्या दोरानें उतरत होता. बाउडेन परतला. एक्स्ली नऊशें फुटांच्या आसपास राहिला. दोर वर ओढल्यावर त्याचा देह सांपडला. त्याला हवा, नळकांडीं, नियम यांपैकीं कशाचीही वाण नव्हती.

एकट्यानें जाणाऱ्यांच्या आजच्या रीतींत एक बारीकशी गोष्ट आढळते. पाण्यांत शिरण्यापूर्वीं तो दोन्ही झडपा पुऱ्या उघडतो, दोन्ही दाबमापकें वाचतो, आणि कमरेइतक्या पाण्यांत तोंड बुडवून पोनीच्या मुखनळींतून दोन-चार श्वास घेतो; ती मुखनळी गळ्यांतील पट्ट्यानें हनुवटीखालीं अशी अडकविलेली असते कीं अंधारांतही हाताला लागावी. नळकांडीं दोन असलीं तरी, व्होक्लूझ ठाऊक असलेले कांहींजण, तीं एकाच दिवशीं एकाच पंपावर भरून घेत नाहींत. आणि उतरण्यापूर्वीं तो किनाऱ्यावर कोणास तरी, नावाड्यास, कोळ्यास, निदान चहाच्या टपरीवाल्यास, आपण किती वाजतां वर येऊं तें सांगून ठेवतो.